शिकता शिकता पगार : क्वांटिटी सर्व्हेइंग आणि खरेदी विभागातील डिग्री अप्रेंटिसशिप

आपल्या वस्त्यांमधल्या असंख्य घरांत बांधकामावर राबणारे कोणी ना कोणी असते. गवंडी, सेंटरिंगवाला, फिटर, बिगारी, रंगारी. इमारत कशी उभी राहते हे या घरांना शिकवावे लागत नाही. पण त्याच साईटवर टेप आणि वही घेऊन फिरणारा, किती काम झाले आणि त्याचे किती पैसे द्यायचे हे लिहिणारा माणूस या घरांतून क्वचितच आलेला असतो. त्या माणसाच्या कामाला इंग्रजीतून आलेले नाव आहे क्वांटिटी सर्व्हेइंग. सिमेंट, सळई, टाईल्स, लिफ्ट कोणाकडून आणि कोणत्या अटींवर घ्यायची हे ठरवणारे काम म्हणजे प्रोक्युरमेंट, आपल्याकडच्या कंपन्यांच्या भाषेत परचेस.

ही दोन्ही कामे शिकण्याचा एक मार्ग म्हणजे डिग्री अप्रेंटिसशिप. यात उमेदवार नोकरी करतो, पगार किंवा विद्यावेतन घेतो आणि त्याच काळात विद्यापीठाची पदवीही मिळवतो. इंग्लंडमध्ये हा मार्ग दहा वर्षांपूर्वी रुळला, भारतात तो आता आकार घेतो आहे. फीचे ओझे न पेलणाऱ्या घरातल्या मुलामुलींसाठी तो महत्त्वाचा आहे, आणि त्यातले खाचखळगेही आधीच माहीत असायला हवेत.

काम नेमके काय असते?

क्वांटिटी सर्व्हेअर नकाशावरून मोजतो, जागेवर जाऊन मोजतो आणि मोजलेल्याचे पैशात रूपांतर करतो. आपल्याकडे त्याला बहुतेक ठिकाणी बिलिंग इंजिनिअर म्हणतात. नकाशा हाती आला की तो प्रत्येक बाबीचे परिमाण काढतो : खोदाई किती घनमीटर, काँक्रीट किती घनमीटर, प्लास्टर किती चौरस मीटर, सळई किती टन. यातून तयार होणाऱ्या यादीला बीओक्यू म्हणतात. प्रत्येक बाबीला दर लावला की अंदाजपत्रक तयार होते.

एक साधे उदाहरण घेऊ. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि १२५ मिलिमीटर जाड स्लॅबला २.५ घनमीटर काँक्रीट लागते. १ : १.५ : ३ या प्रमाणात एका घनमीटरला सिमेंटच्या साधारण ८ गोणी लागतात. म्हणजे या स्लॅबला सुमारे २० गोणी. अनुभवी मिस्त्री हा हिशेब तोंडी सांगतो. क्वांटिटी सर्व्हेअर तोच कागदावर, सर्वांना तपासता येईल असा मांडतो.

मोजण्याचे नियम ठरलेले आहेत. भारतात त्यासाठी आयएस १२०० हे मानक वापरतात. भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखेच प्लास्टर असेल तर दारे-खिडक्या कशा वजा करायच्या, हेही त्यात आहे. ०.५ चौरस मीटरपर्यंतचे उघडे भाग वजा करत नाहीत. त्यापेक्षा मोठे आणि ३ चौरस मीटरपर्यंतचे असतील तर एकाच बाजूचे वजा करतात. त्याहून मोठे असतील तर दोन्ही बाजूंचे वजा करून कडांचे प्लास्टर वेगळे धरतात. नियम क्षुल्लक वाटतो, पण शंभर फ्लॅटच्या इमारतीत याच नियमाने रक्कम लाखांनी इकडेतिकडे होते.

काम सुरू झाल्यावर झालेले काम मोजून मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीमध्ये, नोंदवले जाते. सार्वजनिक बांधकाम खात्यात तिची पाने क्रमांकित असतात. आकडा खोडरबराने पुसायचा नसतो. चुकला तर रेघ मारून, शेजारी बरोबर आकडा लिहून, सही करायची असते. या नोंदीवरून ठेकेदाराचे चालू बिल म्हणजे आरए बिल निघते.

खरेदी विभागाचे काम याला लागूनच असते. मालाची मागणी आली की तीन-चार पुरवठादारांकडून दर मागवायचे, दरांचा तुलनात्मक तक्ता बनवायचा, वाहतूक, कर, उधारीची मुदत आणि मालाचा दर्जा धरून खरा स्वस्त कोण ते ठरवायचे, ऑर्डर काढायची, आलेला माल तपासायचा. सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत कमी खर्च, असे नेहमीच नसते. उशिरा आलेल्या सळईमुळे आठवडाभर बसून राहिलेल्या मजुरांची मजुरी कोणत्याच कोटेशनमध्ये दिसत नाही.

सरकारी कामात यालाच निविदा प्रक्रिया म्हणतात. महाराष्ट्राच्या बांधकाम खात्यात बी-१ निविदेत ठेकेदार अंदाजपत्रकी रकमेपेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त घेणार ते सांगतो, तर बी-२ निविदेत प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर भरतो. हे कागद वाचता येणे ही या व्यवसायाची बाराखडी आहे.

इंग्लंडमधला मार्ग

इंग्लंडमध्ये डिग्री अप्रेंटिसशिप २०१५ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०१७ पासून ज्या मालकांचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर आहे, त्यांच्यावर ०.५ टक्के अप्रेंटिसशिप लेव्ही लागू झाली. हा पैसा प्रशिक्षणावरच खर्च करता येत असल्यामुळे मोठ्या बांधकाम कंपन्यांनी आणि सल्लागार संस्थांनी बारावीच्या पातळीवरची मुले थेट नोकरीवर घेऊन त्यांना पदवी द्यायला सुरुवात केली.

सर्वसाधारण आठवडा असा असतो : चार दिवस कामावर आणि एक दिवस विद्यापीठात. विद्यापीठाची फी उमेदवार भरत नाही. २०२५-२६ साठी तिथल्या सरकारी विद्यापीठांतील स्थानिक विद्यार्थ्याची फी वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत असताना हा फरक मोठा आहे. एप्रिल २०२५ पासून अप्रेंटिसचा किमान वेतनदर तासाला ७.५५ पौंड झाला. १९ वर्षे पूर्ण झालेल्या आणि पहिले वर्ष संपलेल्या उमेदवाराला त्याच्या वयाचा नेहमीचा किमान दर मिळतो. प्रत्यक्षात अनेक कंपन्या त्याहून जास्त देतात.

क्वांटिटी सर्व्हेइंगसाठीची चार्टर्ड सर्व्हेअर अप्रेंटिसशिप साधारण पाच वर्षांची असते. शेवटी पदवी मिळतेच, शिवाय १८६८ मध्ये स्थापन झालेल्या आरआयसीएस या व्यावसायिक संस्थेची पात्रता परीक्षाही द्यावी लागते. उमेदवार आपल्या अनुभवाची नोंद ठेवतो, एका प्रकल्पावर सुमारे ३,००० शब्दांचा अहवाल लिहितो आणि तासाभराच्या मुलाखतीला सामोरा जातो. ती पार केली की नावापुढे चार्टर्ड सर्व्हेअर लागते. खरेदी व पुरवठा क्षेत्रात हेच स्थान सीआयपीएस या संस्थेचे आहे. तिला १९९२ मध्ये राजसनद मिळाली आणि खरेदी क्षेत्रातल्या अप्रेंटिसशिप तिच्या पात्रतांशी जोडलेल्या आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण परदेशी शिक्षणाचे एजंट ती सांगत नाहीत. इंग्लंडमधल्या अप्रेंटिसशिपचा सरकारी निधी तिथल्या रहिवाशांसाठी आहे. सर्वसाधारणपणे तीन वर्षांचे वास्तव्य लागते. स्टुडंट व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला तो मिळत नाही. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांनी हा मार्ग जरूर पाहावा. नागपूर किंवा नांदेडहून थेट अप्रेंटिसशिपवर पाठवतो असे सांगून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे.

तरीही तिथली पद्धत आपल्याला उपयोगी आहे. आखाती देशांतले अनेक मोठे प्रकल्प ब्रिटिश वळणाच्या करारांवर आणि मोजमाप पद्धतीवर चालतात आणि तिथे भारतीय क्वांटिटी सर्व्हेअर मोठ्या संख्येने काम करतात. आरआयसीएसचे सभासदत्व भारतात राहून, अनुभवाच्या आधारे मिळवता येते.

भारतातला मार्ग

आपल्याकडे याचा पाया शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा आहे. सुरुवातीला तो प्रामुख्याने आयटीआयच्या व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. सध्याच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. या मोजणीत कंत्राटी माणसेही धरली जातात. म्हणजे कोणतीही मोठी बांधकाम कंपनी आपल्यावर उपकार म्हणून अप्रेंटिस घेत नाही, कायद्याने घेते.

क्वांटिटी सर्व्हेइंगकडे जाण्याचे व्यवहारात तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता : पदवीतच अप्रेंटिसशिप. यूजीसीच्या अप्रेंटिसशिप एम्बेडेड पदवी योजनेत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान एक आणि कमाल तीन सत्रे, तर चार वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान दोन आणि कमाल चार सत्रे प्रत्यक्ष कामावर घालवता येतात. या कामाचे क्रेडिट पदवीत धरले जाते. विद्यार्थी, महाविद्यालय आणि आस्थापना यांच्यात त्रिपक्षीय करार होतो. इंग्लंडच्या पद्धतीशी सर्वांत जवळचा मार्ग हाच. अभ्यासक्रम बी.टेक. असेल तर एआयसीटीईची मान्यता पाहावी.

दुसरा रस्ता : आधी सिव्हिलचा डिप्लोमा किंवा पदवी, मग वर्षभराची अप्रेंटिसशिप. महाराष्ट्रातल्या मुलांना आज सर्वांत सहज मिळणारा मार्ग हा आहे. केंद्राच्या नॅट्स पोर्टलवर नाव नोंदवायचे, आस्थापना निवडायची आणि अर्ज करायचा. महाराष्ट्र आणि गोव्याचे काम पाहणारे पश्चिम विभागाचे अप्रेंटिसशिप मंडळ मुंबईत शीव येथे आहे. आधीच एक वर्ष किंवा अधिक नोकरीचा अनुभव असेल तर पात्रता जाते. म्हणून डिप्लोमा झाल्या झाल्या मिळेल ती नोकरी धरण्याआधी हा विचार करा.

तिसरा रस्ता : आधीच साईटवर काम करत असलेल्यांसाठी. सुपरवायझर किंवा स्टोअरकीपर म्हणून काम करताना मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करायची आणि खरेदी किंवा बिलिंग विभागात बदली मागायची. ही कायद्याच्या अर्थाने अप्रेंटिसशिप नाही, पण घर चालवणाऱ्या तरुणाला पुष्कळदा हाच रस्ता खुला असतो. स्टोअरमधली आवक-जावक नोंद हे खरेदी विभागाचे पहिले पुस्तक आहे.

विद्यावेतनाचे दर २०१९ च्या नियमांनी पदविकाधारकाला दरमहा किमान ८,००० रुपये आणि पदवीधर किंवा पदवी अप्रेंटिसला किमान ९,००० रुपये असे ठरवले. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ५,००० ते ९,००० हा पट्टा ६,८०० ते १२,३०० पर्यंत वाढवण्याची शिफारस केली. अर्जाच्या दिवशी लागू असलेला दर पोर्टलवर पाहून घ्या. नॅट्सखाली किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलते, त्यामुळे बँक खाते आधारशी जोडलेले हवे.

याच कायद्याच्या कलम ३-क मध्ये नेमून दिलेल्या व्यवसायांतील प्रशिक्षणाच्या जागांवर अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षणाची तरतूद आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांनाही लागू झाल्या. आयटीआयच्या वाटेने येणाऱ्या आपल्या मुलांनी जातीचे प्रमाणपत्र वेळेत तयार ठेवावे. खासगी कंपनीतल्या नोकरीला मात्र आरक्षण नाही. तिथे आपले मोजमाप अचूक असणे हीच आपली बाजू.

सही करण्यापूर्वी तपासा

• करार पोर्टलवर नोंदवला जाणार आहे का? नोंद नसेल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अप्रेंटिस नाही, फक्त स्वस्तात राबणारे मनुष्यबळ आहात.

• शेवटी मिळणार ती पदवी की निव्वळ प्रमाणपत्र? पदवी असेल तर कोणत्या विद्यापीठाची?

• उमेदवाराकडूनच अनामत किंवा ट्रेनिंग फी मागितली जाते का? विद्यावेतन घेण्याच्या जागी पैसे भरायला सांगणारी जाहिरात तिथेच सोडून द्या.

• मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याची अट आहे का? प्रती द्या, मूळ कागद देऊ नका.

• कोणत्या विभागात बसवणार? वर्षभर फक्त झेरॉक्स आणि डेटा एन्ट्री करून घेतली तर एमबी, बीओक्यू आणि दर विश्लेषण शिकायचे राहून जाते. प्रशिक्षणाचा कार्यक्रम लेखी मागा.

• साईट कुठे आहे आणि राहण्याचा खर्च कोणाचा? विद्यावेतनातून पुण्या-मुंबईत भाडे देणे किती अवघड आहे, हे घरी बसून कागदावर मांडून पाहा. विशेषतः मुलींनी साईटवरची स्वच्छतागृहाची आणि येण्याजाण्याची सोय आधीच विचारून घ्यावी. यात संकोच बाळगू नये.

कायद्याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्याला भविष्यनिर्वाह निधी लागू होत नाही. करारात तशी अट नसेल तर प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. मात्र कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे आणि वाद झाला तर अप्रेंटिसशिप सल्लागाराकडे दाद मागता येते.

पहिल्या दोन वर्षांत काय शिकावे

सुरुवातीचे सहा महिने टेप आणि नकाशा. नकाशातले मोजमाप आणि जागेवरचे मोजमाप जुळते का, हे रोज पाहायचे. त्यानंतर एक्सेल, ऑटोकॅड आणि सळईचा बारबेंडिंग शेड्यूल. मग दर विश्लेषण : एका घनमीटर कामात माल किती, मजुरी किती, यंत्र किती, नफा किती. शेवटी करार : ज्यादा काम कसे मागायचे, उशिराचा दंड कधी लागतो, दरवाढ कधी मिळते. इंग्रजीची भीती वाटत असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या, या कामाची इंग्रजी मर्यादित आहे. शे-दोनशे शब्द आणि काही ठरावीक वाक्ये पक्की झाली की बाकीचे काम आकडे करतात.

एक दबाव लवकरच येतो. न मोजलेल्या कामाची नोंद कर, जाडी थोडी जास्त धर, सही मी करतो, असे वरिष्ठ सांगतो. नवख्या उमेदवाराला नकार देणे सोपे नसते. यावर व्यवहारी उपाय एकच : जे स्वतः मोजले तेवढेच स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायचे, तारीख आणि जागा टाकायची, फोटो काढून ठेवायचा आणि न मोजलेल्या आकड्यासमोर आपली सही करायची नाही. पुढे चौकशी झाली तर हस्ताक्षर ज्याचे, उत्तर त्याचे.

कार्यकर्त्यांना याचा काय उपयोग

दलित वस्ती सुधार योजना या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निधीतून आपल्या वस्त्यांत रस्ते, गटारे, समाजमंदिरे होतात. रस्ता वर्षभरात उखडला की मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते आणि उत्तर येते : काम अंदाजपत्रकानुसार झाले आहे. इथे मोजमापाची विद्या कामाला येते.

समजा अंदाजपत्रकात १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५० मिलिमीटर जाड काँक्रीट रस्ता आहे. म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. जागेवर जाडी १२० मिलिमीटर निघाली तर प्रत्यक्षात ३६ घनमीटरच पडले. ९ घनमीटर, म्हणजे २० टक्के काम कागदावरच राहिले. वर दिलेल्या प्रमाणाने त्यात सिमेंटच्या ७० हून अधिक गोणी आल्या. असा आकडा निवेदनात लिहिला की "निकृष्ट काम" या दोन शब्दांपेक्षा त्याला उत्तर देणे अधिकाऱ्याला कितीतरी अवघड जाते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये कागदांच्या प्रती मागण्याबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. अर्जात चार गोष्टी मागा : तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, स्वीकृत निविदा, मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती आणि अंतिम बिल. हे चार कागद शेजारी ठेवून वाचू शकणारा एक तरुण प्रत्येक तालुक्यात असावा, इतकी माफक अपेक्षा आहे.

खरेदीच्या बाजूनेही दार उघडे आहे. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणानुसार मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वस्तू व सेवांच्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून. भागीदारी किंवा कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींचा हवा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जेम पोर्टलवर ही खरेदी होते. पण निविदा वाचणे, दर काढणे, अटी समजणे आणि वेळेत माल पोचवणे जमले नाही तर हा वाटा कागदावरच राहतो. खरेदी विभागात दोन-तीन वर्षे काढलेला माणूस नेमके हेच शिकून बाहेर पडतो.

बारावी किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांनी निकालाची वाट न पाहता आताच सुरुवात करावी. नॅट्स पोर्टलवर खाते उघडून जिल्ह्यातल्या आस्थापना पाहा. जवळच्या साईटवर ओळखीच्या मिस्त्रीबरोबर एक दिवस टेप धरून उभे राहा. आणि आपल्या गल्लीतल्या रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी एकदा स्वतः मोजून वहीत लिहा. विहारात बसणाऱ्या अभ्यासिकांनी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी राज्याची दरसूची आणि आयएस १२०० च्या प्रतीही ठेवाव्यात.